पाव किलोचं आभाळ

अकोल्यातल्या एका किराणा दुकानात मागच्या लग्नसराईत एक गंमत पाहिली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तूरडाळ नव्हती, शेंगदाणेही नव्हते. चारही हात दुमडून बसलेला करड्या रंगाचा एक ड्रोन होता. लग्नांचं शूटिंग करणारा एक पोरगा तो घेऊन आला होता. काट्यानं २४८ दाखवलं आणि पोराचा चेहरा खुलला. "पाव किलोच्या आत हाये न भाऊ, मंग लायसन कायले लागते?" दुकानदार हुशार. त्यानं ड्रोनशेजारी ठेवलेलं पंख्यांभोवतीचं प्लास्टिकचं कडं उचललं आणि तेही काट्यावर ठेवलं. आकडा तीनशेच्या पुढं गेला. "अन् हे लावलं म्हंजे?"

ड्रोन घेताना पडणारा सगळ्यात महागडा प्रश्न दुकानदारानं असा फुकटात विचारला होता.

कॅमेरा ड्रोन घ्यायचा म्हटला की लोक आधी कॅमेरा पाहतात, मग किंमत, मग बॅटरी किती मिनिटं चालते ते. वजनाची ओळ डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. भारतात मात्र ड्रोनच्या मालकाला कोणती कागदपत्रं लागणार, हे त्या बारीक ओळीवरच ठरतं. म्हणून खरेदीचा क्रम उलटा हवा: आधी काटा, मग नकाशा आणि शेवटी कॅमेरा.

२५० हा आकडा आला कुठून?

जुन्या मापातला पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा होता. मेट्रिक वजनं आली आणि पाव किलो २५० ग्रॅमचा झाला. ड्रोनच्या कायद्यातला २५० मात्र बाजारातून आलेला नाही. तो माणसाच्या डोक्यावरून आलेला आहे, अगदी शब्दशः.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं २०१५ साली एक कार्यदल नेमलं होतं. कोणत्या वजनापासून ड्रोनची नोंदणी सक्तीची करावी, हे त्याला ठरवायचं होतं. कार्यदलानं हिशेब साधा ठेवला. वरून पडणारी वस्तू ८० ज्यूल ऊर्जेनं डोक्यावर आदळली, तर जीव जाण्याची शक्यता साधारण ३० टक्के धरली. बंद पडलेला छोटा ड्रोन हवेच्या अडथळ्यामुळे एका ठरावीक वेगापर्यंतच पोचतो. तो वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९० किलोमीटर धरला. आता शाळेतलं सूत्र लावा: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. ८० ज्यूलला वजन येतं २५० ग्रॅमच्या आसपास. पुढं अनेक देशांनी हीच रेषा उचलली.

हा आकडा हातात धरून पाहायचा असेल तर क्रिकेटचा चेंडू घ्या. तो १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. ताशी १४० किलोमीटरनं टाकलेल्या चेंडूत १२० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणून समोरचा फलंदाज हेल्मेट घालतो. ६०० ग्रॅमचा ड्रोन त्याच ९० च्या वेगानं पडला असं धरलं, तरी ऊर्जा १८५ ज्यूलच्या वर जाते. आणि वरातीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर फेटा असतो, हेल्मेट नसतं.

म्हणून २४९ ग्रॅम म्हणजे धोका शून्य, असं कोणी समजू नये. एवढ्या वजनाचा धोका सरकारनं पत्करायचं ठरवलं आहे, इतकाच त्याचा अर्थ.

कायद्याची रेषा सरकली की ड्रोनही सरकतो, हे जपाननं दाखवलं. तिथे मर्यादा २०० ग्रॅमची होती. २०१९ साली डीजेआय कंपनीचा मॅविक मिनी हा ड्रोन आला तेव्हा बाकीच्या जगाला तो २४९ ग्रॅमचा मिळाला आणि जपानला १९९ ग्रॅमचा. पन्नास ग्रॅम कापले ते बॅटरीतून. त्यामुळे तीस मिनिटांचं उड्डाण अठरा मिनिटांवर आलं. २०२२ मध्ये जपाननं मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि ती सगळी कापाकापी पाण्यात गेली. आकड्याच्या कडेवर बसवलेल्या वस्तूचं हे असंच होतं.

आपल्याकडची उतरंड

भारतात सामान्य माणसाच्या ड्रोनवर ऑक्टोबर २०१४ मध्ये जवळपास सरसकट बंदी आली. १ डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली. मार्च २०२१ मध्ये दुसरी आली, ती इतकी किचकट होती की पाच महिन्यांतच गुंडाळावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये 'ड्रोन नियम, २०२१' आले. पंचवीस फॉर्मचे पाच झाले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार झाले.

या नियमांत वजनाचे पाच गट आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो. त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो. २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम आणि त्यावर लार्ज. हौशी आणि लग्नाच्या कॅमेऱ्याचा सगळा बाजार पहिल्या दोन गटांतच आहे. वावरात कपाशीवर, तुरीवर फवारणी करणारा दहा लिटर टाकीचा ड्रोन स्मॉल गटात मोडतो. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना मिळतात ते असे. तो वेगळाच व्यवहार आहे. त्याला प्रशिक्षणही वेगळं आणि विमाही वेगळा.

नॅनो आणि मायक्रो यांच्यात फरक काय पडतो, तो नीट समजून घेऊ. नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, म्हणजे त्या मॉडेलची सरकारमान्य तपासणी झालेली असायची गरज नाही. उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा नाही. मायक्रोत गेलात की मॉडेलला टाइप सर्टिफिकेट हवं, ड्रोनची नोंदणी करून त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यायला हवा आणि विमा हवा. पायलट सर्टिफिकेटमधून सूट आहे, पण फक्त बिगर-व्यावसायिक वापराला. लग्नाच्या ऑर्डरचे पैसे घेतले की तो वापर व्यावसायिक झाला.

सर्टिफिकेट मिळवणं फार अवघड नाही. वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढं पुरतं. ते दहा वर्षं चालतं. नोंदणीचं सरकारी शुल्क तर शंभर रुपये आहे. खरी अडचण येते ती टाइप सर्टिफिकेटपाशी. ज्या मॉडेलला ते नाही, त्याची नोंदणीच होत नाही. मग शंभर रुपये खिशात असून उपयोग काय?

बिल दाखवा

इथं दुसरी एक तारीख लक्षात ठेवावी लागते: ९ फेब्रुवारी २०२२. त्या दिवशी केंद्र सरकारनं तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. सुटे भाग आणायला मुभा राहिली. जगात सर्वाधिक खपणारे कॅमेरा ड्रोन चिनी आहेत. त्यामुळे बाजारात मागणी एकीकडे आणि कायदा दुसरीकडे, अशी स्थिती झाली.

परिणाम गावोगाव दिसतो. दुबईहून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून ड्रोन येतो. दुकानात कपाटाच्या मागून निघतो. "बिल नाही मिळणार, पण गॅरंटी आपली" हे वाक्य ऐकलं की समजावं, की गॅरंटी फक्त त्या वाक्याचीच आहे. असा सातशे ग्रॅमचा ड्रोन स्वस्तात मिळाला तरी तो नोंदवता येत नाही, त्याचा विमा उतरत नाही आणि पोलिसांनी विचारलं तर दाखवायला कागद नसतो. नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. म्हणजे स्वस्तातला ड्रोन दुपटीनं महाग पडू शकतो.

सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला आहे. त्याआधी तो २८ टक्क्यांपर्यंत जायचा. त्यामुळे बिलाशिवाय घेऊन कर वाचवण्यात आता फारसं काही उरलेलं नाही. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ड्रोनचा सिरीयल नंबर लिहून घ्या. नोंदणी, चोरीची तक्रार किंवा विम्याचा दावा, कशालाही तोच नंबर लागतो.

काटा मारणारे ग्रॅम

नियमात मोजलं जातं ते उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन. ड्रोन, बॅटरी, मेमरी कार्ड आणि त्याला चिकटवलेली प्रत्येक वस्तू त्यात आली. २४९ ग्रॅमच्या ड्रोनकडं शिल्लक असते एका ग्रॅमची. साध्या प्लास्टिकच्या फिल्टरपासून रात्री चमकणाऱ्या दिव्यापर्यंत काहीही लावलं, की तो नॅनोचा मायक्रो होतो.

सगळ्यात फसवी असते मोठी बॅटरी. डीजेआय मिनी ३ प्रो नेहमीच्या बॅटरीसह २४९ ग्रॅमचा आहे. जास्त वेळ चालणारी 'प्लस' बॅटरी लावली की तो २९० ग्रॅमच्या आसपास जातो. डबा तोच, ड्रोन तोच, पण कायद्याच्या नजरेत गट बदललेला. पंख्यांभोवतीच्या कड्याची तर गंमतच आहे. माणसांच्या जवळ उडवताना बोटं आणि चेहरे वाचवणारी वस्तू तीच, आणि ड्रोनला नॅनोतून बाहेर काढणारीही तीच.

म्हणून ड्रोन घरी आणला की पहिलं काम किराणा दुकानात जायचं. रोज ज्या अवतारात उडवणार आहात त्या अवतारात तो काट्यावर ठेवा. फोटो काढून ठेवा.

हलकेपणाची किंमत

नॅनोच्या आतही ग्रॅम कुठं खर्च करायचे, हे बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. २०२० सालच्या डीजेआय मिनी २ मध्ये सेन्सर १/२.३ इंचाचा होता. दोन वर्षांनी मिनी ३ प्रोमध्ये १/१.३ इंचाचा आला, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे अडीचपट. दोघांचं वजन मात्र पाव किलोच्या आतच. दिवसाउजेडी, शेताच्या बांधावर किंवा सहलीत दोघांची चित्रं सारखीच गोड दिसतात. फरक कळतो गोरज मुहूर्तावर. उजेड उतरलेला, मांडवात लाल-पिवळ्या माळा आणि वर काळं पडत चाललेलं आभाळ. लहान सेन्सर तिथं दाणेदार होतो. लग्नाची कामं करणाऱ्यानं मेगापिक्सेल आणि '४के'च्या आधी सेन्सरचा आकार विचारावा.

हलक्या ड्रोनचा खरा वैरी वारा. चांगले मिनी ड्रोन सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकतात. मे महिन्यात वळवाआधी सुटणारा वारा आणि रिकाम्या वावरातून गरगरत उठणारी वावटळ या आकड्याला मोजत नाही. वारा जमिनीवर कमी वाटला तरी शंभर मीटरवर जास्त असतो. जाताना वाऱ्याच्या बरोबर गेलेला ड्रोन परत येताना त्याच वाऱ्याच्या विरुद्ध झगडतो आणि बॅटरी झरझर उतरते. म्हणून पहिली निम्मी बॅटरी नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला खर्च करावी.

दुसरा वैरी आपला उन्हाळा. या ड्रोनची कामाची मर्यादा साधारण ४० अंशांची. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, आणि काळ्या मातीवर किंवा गच्चीवर ठेवलेला ड्रोन त्याहून जास्त तापतो. वऱ्हाडातल्या उन्हाळी लग्नाचं हवाई शूटिंग सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, हा नियम कोणत्याही राजपत्रात नसला तरी बॅटरी तो पाळायला लावते. कोरड्या काळ्या मातीतून उडवताना खाली ताडपत्री अंथरावी, नाहीतर पंख्यांनी उडवलेली धूळ कॅमेरा स्थिर धरणाऱ्या नाजूक गिंबलमध्ये जाऊन बसते.

आता नकाशा

वजनावरून ठरतं ते कागदाचं. उडवता येणार की नाही, ते ठरतं जागेवरून. इथं नॅनोला सूट नाही.

'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर सप्टेंबर २०२१ पासून देशाचा रंगीत नकाशा आहे. हिरव्या भागात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर, म्हणजे २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर परवानगी. ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच विचारावं लागतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी अमरावतीकराला हा हिशेब परका वाटला असता. अमरावतीजवळ बेलोऱ्याची धावपट्टी होती, पण प्रवासी विमान नव्हतं. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून प्रवासी विमान तिथं उतरलं आणि चित्र पालटलं. एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठीही बेलोराच निवडलं गेलं. शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं धावपट्टीभोवती कमी उंचीवर पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात. बेलोऱ्याच्या धावपट्टीपासून बडनेरा ८ किलोमीटरच्या आतच येतं. बडनेऱ्याच्या मंगल कार्यालयाबाहेर काल चाललं ते आज चालेलच असं नाही.

अकोल्यात शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा. प्रवासी सेवा नाही. धावपट्टी वाढवायचा प्रश्न शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी येऊन अडतो आणि दर निवडणुकीत पुन्हा निघतो. म्हणून "तिथं विमानच कुठं येते?" असं म्हणत कोणी ड्रोन सोडू नये. विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आहे आणि शहर त्याला चिकटून. उडवण्याआधी नकाशा उघडायचा, एवढंच.

डीजेआयचं ॲप स्वतःचा वेगळा नकाशा दाखवतं. ॲपनं अडवलं नाही म्हणजे सरकारनं परवानगी दिली, असं नाही. कंपनीचा नकाशा कंपनीच्या सोयीचा असतो.

नकाशात न दिसणारे अडथळेही असतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन हजारो लोक अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात. वरून काढलेलं ते दृश्य कोणाला नको? पण अशा गर्दीच्या दिवशी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल घोषित करू शकतो. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात विचारून घेणं हे यात्रेच्या दिवशी ड्रोन जप्त होण्यापेक्षा स्वस्त.

चिखलदऱ्याची उंची

अमरावतीच्या माणसानं ड्रोन घेतला की पहिल्या रविवारी गाडी चिखलदऱ्याकडं वळते. तिथं दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, चिखलदऱ्याभोवतीचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथं ड्रोन नाही, मग तो पाव किलोचा असो की पाव ग्रॅमचा. गाविलगड आणि अकोट तालुक्यातला नरनाळा हे किल्लेही याच जंगलाच्या कुशीत. जंगलाचा कायदा वेगळा आणि त्याची शिक्षाही वेगळी. ड्रोन नियमातल्या सवलती तिथं चालत नाहीत.

दुसरी गोष्ट उंचीची. ती कळली तर कोणत्याही घाटात उपयोगी पडते. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची ही तो जिथून उडाला त्या जागेपासूनची असते. नियमातली १२० मीटर उंची मात्र खालच्या जमिनीपासून मोजतात. कड्यावर उभं राहून ड्रोन पन्नास मीटर वर नेला आणि समोरच्या चारशे मीटर खोल दरीवर सरकवला, तर पडद्यावर आकडा पन्नासच राहतो. ड्रोन मात्र जमिनीपासून साडेचारशे मीटर वर गेलेला असतो. हात जागचा हललेला नसतो आणि नियम केव्हाच मोडलेला असतो.

मग कोणता घ्यावा?

छंदासाठी, शेतासाठी, घरच्या समारंभासाठी घेणाऱ्यानं डोळे मिटून नॅनो घ्यावा आणि मोठ्या बॅटरीऐवजी नेहमीच्या दोन-तीन बॅटऱ्या घ्याव्यात. लग्नांची कामं करणाऱ्यासमोर दोन सरळ वाटा आहेत. मोठ्या सेन्सरचा नॅनो घ्यावा आणि तो नॅनोच राहील याची काळजी घ्यावी. नाहीतर टाइप सर्टिफिकेट असलेला मायक्रो, नोंदणी, विमा आणि पायलट सर्टिफिकेट असा पूर्ण संसार थाटावा. सातशे ग्रॅमचा बिनबिलाचा ड्रोन घेऊन "आपल्याले कोन विचारते" म्हणणं ही मधली वाट दिसते सोपी, पण ती वाट नाही, खड्डा आहे.

आणि आज घेतलेला निर्णय कायमचा धरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सूचनांसाठी मांडला. त्यातली भाषा आताच्या नियमांपेक्षा कडक आहे. रेषा सरकू शकते, हे जपानकरांना विचारा.

किराणा दुकानातल्या त्या पोरानं शेवटी कडं काढून पिशवीत टाकलं. दुकानदारानं काट्यावरची धूळ पुसली. तो ज्या लग्नाचं शूटिंग करणार होता, संध्याकाळी त्याच लग्नात मी होतो. वरात गेटपाशी आली, बँड शिगेला पोचला आणि माझी नजर आपसूक वर गेली. डोक्यावर काही नव्हतं. ड्रोन होता बाजूच्या रिकाम्या वावरावर, पराटीच्या धसकटांवर तिरका उभा राहून वरात टिपत. तो खाली पडलाच असता तर मातीत पडला असता.

काट्यानं त्या पोराला २४८ दाखवलं होतं, आणि त्यातून कागदांचा प्रश्न सुटला होता. जागा मात्र त्यानं स्वतः निवडली होती.